सुनेची मुलाखत आणि दारातली पालखी

नोकरीभर मी बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी लागली, ड्रायव्हर आला का, लोक कशाला बोंबलतायत, हे बघण्यात हयात गेली. त्यामुळे माझ्या सुनेची अडचण मला कळली तीही गाड्यांच्याच हिशेबाने.

सून संगणकाचे प्रोग्राम लिहिते. मुलगा जहाजावर, वर्षातला बराचसा काळ समुद्रात. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात ती आणि मी, दोघंच. माडीवर बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. तिची भाषा एर्लँग. नाव ऐकून मला आधी ते खोकल्याचं औषध वाटलं होतं. फोन, निरोप, असलं जे जे क्षणभरही बंद पडून चालत नाही, ते चालवायला ही भाषा चांगली, असं ती सांगायची. पण ही भाषा येणारे लोक थोडे, आणि त्यांना कामावर घेणाऱ्या कंपन्या त्याहून थोड्या.

गेल्या वर्षी कंपनीने कळवलं, या भाषेला माणसं मिळत नाहीत, आता सगळं काम चारचौघांना येणाऱ्या भाषेत करणार. तुमची नोकरी राहील, पण पुण्यात ऑफिसला येऊन बसावं लागेल. शिमगा झाला की उत्तर द्या.

"जा गो तू," मी म्हटलं. "माझं काय, चहा येतो मला करायला."

तोंडाने म्हटलं खरं, पण घरात एकटा उरलेला म्हातारा भिंतींशी बोलायला लागतो, हे मी वाडीत बघितलंय. सून मात्र त्याच भाषेतली, घरून करता येईल अशी दुसरी नोकरी रोज शोधत होती.

माझा पुतण्या शिमग्याला मुंबईहून आला होता. तोही याच धंद्यातला. म्हणाला, "वहिनी, बाजारात जिला कुत्रं विचारत नाही, ती भाषा धरून का बसलीस? सोड आणि चालतं ते शीक."

माझं डोकं फिरलं. "अरे शहाण्या, पुण्याच्या गाडीला ड्रायव्हर हवे तेवढे. नाटे गावाला रात्रीच्या मुक्कामाची वस्तीची गाडी न्यायला एखादाच राजी. तो रजेवर गेला की मी बाकीच्यांच्या पाया पडायचो. त्याला कोणी कधी हलवला नाही."

"पण काका, नाट्याच्या गाड्या असतात किती?"

त्याचं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. सून शांतपणे म्हणाली, "मला एकच गाडी हवीय, भावोजी."

आणि ती मिळायची वेळ आली. परदेशातल्या एका लहानशा कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं, संगणकावरच. दिवस नेमका आमच्याकडे पालखी यायचा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, दारात आली की गावकरी ती खांद्यावर नाचवतात, घरच्या बाया ओटी भरतात. मी छातीठोकपणे सांगितलं, "पालखी सकाळी येणार, तुझं काम दुपारी. निर्धास्त बस." जन्मभर वेळापत्रकं सांभाळली, पण देवीला वेळापत्रक नसतं हे विसरलो.

वरच्या वाडीत पालखी रेंगाळली. दुपारी सुनेची मुलाखत सुरू झाली आणि पाणंदीत ढोल वाजला. मी धापा टाकत माडीवर गेलो, खुणेनेच विचारलं, शेजारी थांबवू का पालखी? तिने समोरच्यांची माफी मागितली आणि मला म्हणाली, "बाबा, देवीला दारात ताटकळत ठेवायचं आणि आपण नोकरी मागायची? बरं दिसतं का ते?"

तशीच संगणक उचलून ती पडवीत आली आणि त्याचं तोंड तिने अंगणाकडे केलं. समोरच्यांनी तिला विचारलं होतं, चालू यंत्रणा बंद न पाडता आतला प्रोग्राम कसा बदलशील? अंगणात पालखी नाचत होती. घरधनी म्हणून मीही जाऊन खांदा दिला. दमलेला गडी बाहेर सरकत होता, तोवर दुसऱ्याचा खांदा दांड्याखाली आलेला. तिने बोट दाखवून इंग्रजीत सांगितलं, बघा, माणसं बदलतायत, पालखी खाली टेकत नाही. माझी भाषा हेच काम करते. हे सारं मला नंतर तिच्याकडून कळलं.

मग "पाच मिनिटं द्या" म्हणून ती ओटी भरायला गेली. परदेशी मंडळी तोवर पालखी बघत बसली. गावच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "या घरच्या लेकीसुनांचं जे काय अडलं असेल, ते मार्गी लाव." सगळे म्हणाले, "होय महाराजा." माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि त्यात माझा स्वार्थ होता.

नोकरी मिळाली. घरून काम, याच भाषेचं. मी देवीला नारळ दिला, पण खरं सांगू का, मला कौतुक सुनेचंच. सगळे एका बाजूला पळत असताना ती जाग्यावर उभी राहिली, आणि मुलाखत सोडून ओटी भरायला उठली. माझ्याने नसतं झालं. पुतण्यालाही मी हे फोन करून ऐकवलं.

यंदा पालखी वेळेवर आली. मी खांदा दिला, पण दोन गिरक्यांतच गुडघा बोलायला लागला. आमच्याकडे आता बायाही पालखी नाचवतात. पदर खोचून सून माझ्या मागे आली आणि म्हणाली, "बाबा, सरका. मी आहे."

मी बाहेर सरकलो. पालखी नाचतच राहिली.