रऊफचाचांचे उलटे बगळे

फोन रऊफचाचांच्या शेजाऱ्यांचा होता. मी नागपुरात दिवाळीला किती आठवडे उरलेत ते मोजत बसले होते आणि पलीकडून आवाज आला, "चाचा गेले, ताई. सकाळीच... दुकानात जायले निघाले होते." दिवाळी झाल्यावर ये, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. आणि मी शहाणी, खरंच कॅलेंडर पाहत बसले.

रऊफचाचांचं दारव्ह्याला वेल्डिंगचं दुकान. अंगणांची फाटकं बनवायचे. एकासारखं दुसरं नसायचं. सळई वाकवून केलेले बगळे मात्र बहुतेकांवर असत, तेही बुटके, आणि खाली डोकं वर पाय. "चाचाले बगळा येत नाही," म्हणून गाव हसायचं, चाचाही हसायचे. मी चित्रकलेची पदवी घेऊन, गळ्यात कॅमेरा अडकवून गावाकडे आले तेव्हा मला वाटलं, आपल्याला खजिनाच सापडला... समकालीन कला, आणि तीही आपल्या तालुक्यात! फाटकांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवून त्याच्या टिपणात मी 'परंपरेची जाणीवपूर्वक उलथापालथ' असंही लिहून टाकलं. ते वाक्य आठवलं की अजून कान तापतात.

पावसाळ्यात ढगाळ दिवस शोधून शोधून, दारव्हा ते घाटंजी, मी फोटो काढले. कडक सावली फोटो बिघडवते, हे आमच्या शिक्षकांनी डोक्यात पक्कं बसवलेलं. प्रिंट घेऊन दुकानात गेले. चाचांनी हात पुसून एकेक पाहिला.

"फोटो झकास हायेत बेटा. पण सारे ढगाळ आभाळातले काहून काढले?"

"सावली नको होती, चाचा."

मग त्यांनी शटर खाली ओढलं, अर्धवट झालेलं एक फाटक मधे उभं केलं आणि मला त्याच्या आतल्या बाजूला बसवलं. "आता तू आपल्या ओट्यावर बसून राह्यली, समज." पलीकडे जाऊन त्यांनी मोबाइलचा टॉर्च उंच धरला. फाटकाची सावली माझ्या पायापर्यंत लांबत आली, आणि त्या फरशीवर लांब मानेचा, ऐटदार बगळा सरळ उभा राहिला. उलटा सुलटा झाला होता, बुटका उंच झाला होता. चार वर्षं कला शिकले, पण असं काही पाहिलं नव्हतं.

"गाव हसते तर सांगत काहून नाही?" मी विचारलं.

"ज्याचं अंगण त्याले दिसते. रस्त्यावरच्याले कायले सांगा लागते?" आणि मग, "दिवाळीनंतर ये. लोकं उन्हात तवाच बसतात. बरोबर चारले."

दिवाळीनंतर मी पुन्हा त्या साऱ्या घरी गेले. फाटकाच्या आतली जागा प्रत्येक अंगणात मोकळी होती. आधी मला तो लोकांचा, साधी कुंडीही न ठेवण्याचा आळस वाटला होता. घाटंजीच्या एक आजी म्हणाल्या, "त्याइनंच सांगतलं होतं, इथं तुळस नोका ठेवू म्हणून." चार वाजता अंगणाअंगणांत बगळे उतरत होते आणि माणसं त्यांच्याशेजारी तूर सोलत बसली होती, जशी काही रोजचीच गोष्ट. मी मात्र फोटोमागून फोटो काढत सुटले होते. चाचांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, "आता फोटोत माह्यं काम आलं, बेटा"... ते ऐकवणारं कोणी राहिलं नव्हतं.

तरी नवे फोटो घेऊन मी त्यांच्या घरी गेले. चाचींनी चष्मा लावला, सारे प्रिंट चटईवर मांडले. मग घाटंजीच्या आजींच्या अंगणातला एक उचलून त्यांनी बाजूला ठेवला.

"बाकीचे बरोबर हायेत. हा साडेचारचा हाय. पाह्य ना, मान किती लांबली. त्याइनं हा वापस केला असता."

मी घड्याळात पाहिलं नव्हतं, हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच मी घाटंजीच्या त्या ओट्यावर जाऊन बसले.