‘आय गो’ न म्हणणारी सुलाबाई

सुलाबाईला इंग्रजी मालिनीबाईंनी शिकवलं, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. मालिनीबाई म्हणजे मी. शिकवलं कसलं, नुसती डोकेफोड केली. नगरपालिकेच्या शाळेत मी पाचवीला इंग्रजी शिकवायचे. माझा आवाज चढला की पोरं चळाचळा कापायची. आणि ही बाई माझ्याच ओट्यावर मांडी ठोकून मला सांगायची, ‘बाई, हे वाक्य मी बोलणार नाय.’

सुलाबाई चांदवडकडची. लग्न होऊन पंचवटीत आली, आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा सावळीराम लाकडाच्या वखारीत कामाला. अबोल माणूस, त्याच्या वाटचं सगळं हीच बोलायची. गंगापूर रोडला चेरियन मॅडमचं के.जी. होतं, तिथं ती आया होती. मॅडम केरळच्या. नवऱ्याला ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून नाशकात आल्या आणि बंगल्याच्या पुढच्या खोल्यांत त्यांनी ही शाळा काढली. पहिल्या दिवसापासून सुलाबाई त्यांच्याकडे. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, बुटांचे बंद बांधायचे, झोपलेलं पोर मांडीवर घ्यायचं. तिला स्वतःला मूल नव्हतं. ती कधी बोलली नाही, मीही कधी विचारलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली एप्रिलात ती तोंड एवढंसं करून माझ्याकडे आली. झालं होतं असं, की कुणा इंजिनियरच्या पोरानं घरी जाऊन ‘मम्मी, मला लय भूक लागली हे’ असं म्हटलं. मम्मी उखडली. इंग्रजी शाळेत घालून पोर असं बोलतं म्हणजे काय! आणखी चार पोरांच्या आयांनी तिची री ओढली. मॅडमनी मग ठरवलं की जूनपासून पोरांजवळ जी बाई असेल तिनं पोरांशी इंग्रजीतच बोलायचं. सुलाबाईला शाळा उघडेपर्यंत जमलं तर ती पोरांत राहील. नाहीतर तिनं मागचं स्वयंपाकघर आणि अंगण बघायचं, पुढं दुसरी बाई येईल. पगार तोच राहणार होता, पण तिचं रडू पगारासाठी नव्हतंच.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘पोरं पुढं रडतील अन् मी मागं भांडी घासत ऐकत बसू का?’

मला बायांचं रडणं सहन होत नाही, राग येतो. मी म्हटलं, पाटी आण.

रोज दिवेलागणीच्या आधी ओट्यावर आमचा वर्ग भरायला लागला. शब्दांचं तिला फारसं अडलं नाही. कम, सिट, वॉटर, शूज हे पोरांच्यात राहून कानावर पडलेलं होतंच. गाडी अडायची ती वाक्याशी. मी समोर दिसेल त्याचं वाक्य करायचे. धिस इज अ पॉट. दॅट इज अ काऊ. गल्लीत गायींना तोटा नव्हता, त्यामुळे ते वाक्य तिला आधी आलं.

‘अ’ आणि ‘द’ यांचं माझ्या पाचवीच्या पोरांना वर्ष वर्ष कळायचं नाही. मी तिला सांगितलं, गंगेवर, म्हणजे गोदाकाठच्या भाजीबाजारात, कुणी एक बाई भेटली तर ‘अ’, आणि आपली ओळखीची असेल तर ‘द’. ती जरा विचार करून म्हणाली, म्हणजे चांदवडचा कांदा ‘द’ अन् बाकीचे सगळे ‘अ’. बाकीच्यांना ‘अन अनियन’ म्हणायचं हे तिच्या गळी उतरवायला मला आणखी एक संध्याकाळ लागली, पण मुद्दा तिला बरोबर कळला होता. निर्जीव वस्तू सगळ्या ‘इट’ हे मात्र तिला पटेना. पाटी ती, फळा तो, टेबल ते, मग इंग्रजांच्या घरात सगळंच ‘ते’ कसं? मी म्हटलं, त्यांच्याकडे तशी रीत आहे. रीत म्हटल्यावर ती ऐकायची. एकदा नवऱ्यावर एक वाक्य कर म्हटलं, तर म्हणाली, ‘माय हजबंड पुल्स बिडी.’ विडी आपण ओढतो, तिचंही काय चुकलं! शेजारच्या खोलीत सावळीराम खोकला की हसला कुणास ठाऊक.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग मे महिन्यात ‘गो’ आलं.

आय गो टू द मार्केट. मी म्हटलं, म्हण. ती पाटी पुसत बसली. पुन्हा म्हटलं, म्हण. ती म्हणाली, ‘आय कम टू द मार्केट.’ मी म्हटलं, अगं, कम म्हणजे येणं, गो म्हणजे जाणं, इथून बाजारात तू जातेस ना? ती म्हणाली, ते कळतं की मला, पण घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये. जातं ते मेलेलं माणूस.

आता हे मला काय ठाऊक नव्हतं? सकाळी शाळेला निघताना मी स्वतः देवाला आणि सासूबाईंना ‘येते’ म्हणूनच उंबरा ओलांडायचे. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण व्याकरण ते व्याकरण. मी तिला बजावलं की ही साहेबाची भाषा आहे, हिला शकुन-अपशकुन नसतात.

‘का वो बाई,’ तिनं विचारलं, ‘साहेब मरत नाय का?’

माझं डोकं फिरलं. मी पाटी आपटली. तिचा कोपरा उडाला. सुलाबाईनं तो तुकडा शांतपणे उचलून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, ‘फुटली म्हणू नका हां. वाढली म्हणा.’ आता अशा बाईवर किती वेळ रागवायचं? हसूच आलं मला.

बरं, दुसऱ्यांना घालवायला तिची ना नव्हती. द बस गोज. द काऊ गोज. समोरच्या मंगलाबाईशी तिचं नळावरून वाकडं होतं, तर ‘मंगलाबाई गोज’ हे वाक्य ती विचारायच्या आधी घडाघडा म्हणायची. पण स्वतःसाठी आणि आपल्या माणसासाठी, नाव काढायचं नाही. शेवटी मी नाद सोडला. मॅडम नेमकं तेवढंच विचारू नयेत म्हणून काळारामाला साकडं घातलं. व्याकरणासाठी देवाला साकडं घालणारी शिक्षिका मी एकटीच असेन.

जूनमध्ये तिची शाळा उघडली. माझी उघडायला अवकाश होता. गंगापूर रोडला माझं काडीचं काम नव्हतं, तरी मी तिच्याबरोबर सिटी बसमध्ये चढले. मॅडम फाटकातच उभ्या होत्या, कडक स्टार्चची साडी, चष्म्याला साखळी. मला त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि तिला म्हणाल्या, ‘सुलाबाई, आज फक्त इंग्लिश. मी बघतो.’ बाईमाणूस असून ‘बघतो’! माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. त्या दिवशी परीक्षा त्यांच्या मराठीची नव्हती.

सुरुवात छान झाली. कम, बेबी. सिट हिअर. धिस इज अ रेड बॉल. एका पोराला तिनं ‘इट इज युवर बॅग’ असं पूर्ण वाक्य ऐकवलं, तेव्हा माझा ऊर भरून आला. मग पोरांना सोडायला आलेल्या आया निघायला लागल्या. जी ती आपली ‘डोन्ट क्राय, मम्मी इज गोइंग, बाय बाय’ म्हणायची, आणि ‘गोइंग’ म्हटलं की पोर हंबरडा फोडायचं. एका गुबगुबीत पोरीनं तर आईचा पदर दोन्ही मुठींत धरला होता. आई तिची बोटं सोडवत म्हणत होती, ‘आय ॲम गोइंग, बेटा.’

सुलाबाई मध्ये उभी राहिली. ‘नो गोइंग,’ ती म्हणाली. ‘से, आय कम.’

ती आई बघतच राहिली. बाकीच्या आया थांबल्या. मॅडम जवळ आल्या आणि त्यांनी विचारलं की हे ‘आय कम’ काय आहे, ती तर जातेय ना? मी मनात म्हटलं, झालं, गेली ही मागच्या भांड्यांवर. मराठीत तिनं मॅडमना केव्हाच पटवलं असतं, पण आज फक्त इंग्रजी. तिनं पदर खोचला. एकेक शब्द शोधत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘डेड मॅन गोज. मदर... मदर कम्स.’

कम्सला एस लावला होता तिनं. एवढ्या धाकधुकीत मला आधी तो एस ऐकू आला, काय सांगू, मास्तरकीची खोड!

मॅडमनी चष्मा काढला. मग त्यांच्या त्या मराठीत म्हणाल्या, ‘आमच्या केरळात पण असंच. जातो नाही बोलायचं. पोयिट्टु वराम. जाऊन येतो. मी नाशिकला निघालो तेव्हा आईला तेच बोललो.’ मग त्या पोरीच्या आईकडे वळल्या आणि तिला म्हणायला लावलं, ‘आय विल गो अँड कम.’

ती आई लाजत लाजत म्हणाली. पोर रडायची थांबली असं खोटं कशाला सांगू, रडतच होती, पण तिच्या मुठी सुटल्या आणि तिनं सुलाबाईचा पदर धरला. निकाल असा वेगळा कुणी सांगितलाच नाही. घंटा झाली, सुलाबाई पोरांना घेऊन वर्गात गेली, आणि मॅडमनी बाहेरून दार लोटून घेतलं. दुसरी बाई काही मग आली नाही.

मला इतका आनंद झाला की येताना मी हॉटेलात एकटीनं बसून मिसळ खाल्ली. बाईमाणसानं एकटीनं हॉटेलात जायची तेव्हा पद्धत नव्हती. म्हटलं, खड्ड्यात गेली पद्धत.

पुढं शाळा वाढली, बंगल्यामागं नवे वर्ग झाले. पण फाटकातलं वाक्य तेच राहिलं. सकाळी आया पोरांना म्हणायच्या, सुटताना पोरं सुलाबाईला म्हणायची. एका वडिलांनी हे खरं इंग्रजी नव्हे अशी तक्रार केली म्हणे. सुलाबाईनं मला विचारलं, बाई, खरं नाय का? मी पाचवीची शिक्षिका, पुस्तकात असलं वाक्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, शंभर टक्के खरं आहे.

सत्त्याऐंशी साली मी रिटायर झाले आणि पुण्याला माझ्या मुलीकडे, कुसुमकडे, राहायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सगळी गल्ली रिक्षाभोवती. मंगलाबाईसुद्धा होती. सुलाबाई माझ्या पिशवीत चिवड्याचा पुडा कोंबत होती. मी काही रडणारी बाई नाही. पण ‘येते’ म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मराठीत बोलले असते तर तिथंच रडले असते. म्हणून इंग्रजीत म्हटलं, ‘सुलाबाई, आय कम.’

तिनं पदरानं डोळे पुसले. मग कमरेवर हात ठेवून, मी पाचवीच्या पोरांसमोर उभी राहायचे तश्शी उभी राहिली.

‘राँग, बाई,’ ती म्हणाली. ‘आय विल गो अँड कम. परत म्हणा.’

मी परत म्हटलं, पूर्ण वाक्य, एकही शब्द न गाळता. तेव्हा कुठं ती बाजूला झाली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, ‘यू गो.’