काकूंचा पहिला बॅज

स्काऊटांच्या उन्हाळी कॅम्पाचा कापडी बॅज दरवर्षी बॅजवाल्या काकूंच्या भरतकामाच्या मशीनवर भरला जायचा. कधी तंबू, कधी घुबड, एका वर्षी कासव. ते कासव पोरांना बटाटा वाटलं आणि तो कॅम्प आजतागायत बटाटा कॅम्प म्हणूनच ओळखला जातो. काकूंचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही. पाय चांगले चार भरले होते, म्हणतात.

गंमत अशी, की हजारो बॅज भरणाऱ्या या बाईंकडे स्वतःचा एकही बॅज नव्हता. त्याचं कारण घरातच होतं. यजमान कॅम्पाचे मुख्य सर, आणि सरांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: एक रात्र तंबूत झोपल्याशिवाय त्या वर्षीचा बॅज कोणी लावायचा नाही. दुपारी भाषण ठोकून निघालेल्या बड्या पाहुण्यांना त्यांनी चहा पाजला, बॅज दिला नाही. बायकोलाही देत नाही, तुम्हाला कुठून देऊ, असं वर तोंडावर सांगितलं. आणि काकू काही कॅम्पाला राहायला जाणाऱ्यातल्या नव्हत्या. डास, जमिनीवरचं अंथरूण आणि पहाटेची शिट्टी, यांतलं एकही त्यांना मानवणारं नव्हतं.

सर मात्र तंबू ठोकायला आधीच जात, तिथे एक रात्र झोपून घरी येत आणि मग मशीनवरून उतरलेला पहिला बॅज काकू त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशावर शिवत. त्यात दरवर्षी ठरलेला घोळ व्हायचा. सुई खिशाच्या कापडातून थेट मागच्या शर्टात जायची आणि खिसाच बंद व्हायचा. सर शिट्टी ठेवायला जायचे, बोटं अडायची, की घर डोक्यावर घ्यायचे. “अगं, परत शिवलास ना माझा खिसा?” काकू मान खाली घालून हसू दाबायच्या आणि म्हणायच्या, “द्या, उसवून देते.”

या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. काकू रडल्या नाहीत. भेटायला माणसं आली, काकूंनी चहा केला, माणसं गेली, काकूंनी कप विसळले. आतून काही हलतच नव्हतं. एकदा रडून घे, मोकळी होशील, असं लेक सारखी म्हणायची. काकूंनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. न्हाणीघरात जाऊन बसल्या, नळ सोडला, बादली भरली. आता भरलीच आहे तर म्हणून चार टॉवेल धुतले आणि वाळत घातले.

मग कॅम्पाचा नवा प्रमुख आला. हा सरांचाच जुना विद्यार्थी. एकही गाठ कधी धड बसली नाही म्हणून याचं नाव गाठ्या, आणि टक्कल पडलं तरी ते नाव काही सुटलं नाही. यंदाच्या बॅजवर सरांची टोपी असावी, असं त्याने चाचरत सुचवलं. काकू बरं म्हणाल्या आणि टोप्या भरायला बसल्या. आई मशीनवरच कोसळते की काय, या धास्तीने लेक दारातून हलेना. काकूंना काळजी होती ती तपकिरी रीळ पुरेल की नाही याची.

संध्याकाळी लेकीला खुर्चीवर सरांचा खाकी शर्ट दिसला. हाताला वर्षानुवर्षांचं वळण. पहिला बॅज उतरला तसा काकूंनी कपाटातून शर्ट काढून तो खिशावर शिवून टाकला होता.

“आई, हा बाबांच्या आठवणीचा बॅज. तो बाबांनाच लावलास?”

“लागला खरा,” काकू म्हणाल्या.

उसवायला त्यांनी कातर उचलली. टाक्याखाली टोक घातलं आणि तशाच बसून राहिल्या. उसवला काय, राहिला काय, त्यांना काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. खटकत होता तो फक्त नियम. यंदा हा शर्ट तंबूत झोपला नव्हता. न झोपता लावलेला बॅज सरांनी क्षणभरही सहन केला नसता.

तेव्हा शर्ट घेऊन काकूच कॅम्पाला गेल्या. गाठ्याला तो काचेच्या फ्रेममध्ये घालून झेंड्याजवळ टांगायचा होता. काकूंनी आधी शर्टाला तंबूत एक रात्र काढू दे म्हणून बजावलं, आणि त्याला एकटा कसा टाकायचा म्हणून शेजारी स्वतः अंथरूण घातलं. डासांनी फोडून काढलं.

सकाळी शिट्टी झाली, रांगा लागल्या आणि गाठ्याने सगळ्यांत आधी काकूंना पुढे बोलावून हातावर बॅज ठेवला. नियमाने आता तो त्यांचा होता. काकूंनी तो उलटा करून मागचे दोरे नीट कापलेत का ते पाहिलं, आणि माझ्याकडे लावायला गणवेश कुठे आहे, असं विचारलं. सरांचा शर्ट घाला, बॅज तूर्त खिशात असू द्या, असं गाठ्या म्हणाला.

काकूंनी शर्ट अंगात चढवला. बाह्या बोटांच्याही खाली आल्या. बॅज ठेवायला त्यांनी खिशाकडे हात नेला आणि बोटं अडली.

खिसा शिवलेला होता.

काकूंनी सवयीने मान खाली घातली आणि थांबल्या. कोणी ओरडलं नाही.

“द्या, उसवून देते,” त्या म्हणाल्या.

मग काकूंना रडू आलं.