मधूने शोधलेला रुसवा

मधू गेला त्या सकाळी मी त्याच्या नानाखेड्याच्या घरी पेढे घेऊन गेलो. फोनवर त्याची मुलगी एवढंच म्हणाली, "काका, बाबांचं... तुम्ही लगेच या," आणि लाइन कटली. त्या घरून फोन यायचा तो मधूचा कुठेतरी सत्कार ठरल्याचाच. मी मुकाट्याने मिठाईचं दुकान गाठलं. अर्धा किलो घ्यायचे तर पावच घेतले, इतका जळका मी. दाराशी चपलांचा ढीग दिसला तेव्हा पुडा पिशवीत खोल ढकलला.

आम्ही दोघं उज्जैनच्या एकाच कॉलेजात कॉमर्स शिकवायचो. नव्वदनंतर बाजार उघडला, व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर कॉम्प्युटर येऊ लागले, आणि धंद्यात नवी गोष्ट रुजते कशी, या विषयावर आम्ही दोघांनी एकाच सरांकडे पीएच.डी.ला नावं घातली. मी लांबलचक प्रश्नावली छापून वाटली. तिच्या बऱ्याच प्रती पुढे मला शेवेच्या पुड्या होऊन भेटल्या. मधू नुसता जाऊन बसायचा, चहा प्यायचा आणि एकच विचारायचा, "मशीन आल्यावर रुसलं कोण?"

देवास गेटजवळच्या एका कापडाच्या पेढीत शेठजी म्हणाले, "मास्साब, मशीन तो आ गई, पर मुनीमजी घर बैठ गए." मधू मुनीमजींच्या घरी गेला, त्यांना घेऊन आला आणि मशीनची पूजा पुन्हा करवली. नारळ मुनीमजींनी फोडला, पहिलं बटणही त्यांनीच दाबलं. तोवर कापडाखाली झाकून ठेवलेलं ते मशीन कामाला लागलं. "लग्नात व्याही रुसतो ना, तसंच आहे हे," मधू म्हणायचा. "त्याचा मान राखल्याशिवाय पंगत बसत नाही." मी स्टाफरूममध्ये विचारलं, "हे संशोधन म्हणायचं की मानपान?" सगळे हसले. सर हसले नाहीत. मधूला डॉक्टरेट मिळाली. मग इंदूर, पुणे, कुठून कुठून बोलावणी... त्याला गाडीत बसवून द्यायला मीच जायचो. गाडी लेट झाली की मला बरं वाटायचं.

एकच गोष्ट मी जपून ठेवली होती. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा मी महिनाभर सांगत फिरलो की या खोक्यांवर धूळ बसणार. उद्घाटनाला प्राचार्य नारळ घेऊन उभे होते. मधूने तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या हातात दिला. "हा मान याचा. याच्याइतका विचार कुणी केलेला नाही." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीची किल्ली मीच मागून घेतली. अख्ख्या जन्मात त्याने मला बरोबरीचं मानलं ते त्या दिवशी.

परवा वहिनींकडे गेलो. मधूच्या खोलीत कॉम्प्युटरवर त्यांनी विणलेलं झाकण आहे, खुर्ची जराशी तिरकी आहे आणि येणाऱ्यासाठी तो शेजारी ठेवायचा तो वेताचा बसका मोढाही तिथेच आहे. मी मोढ्यावरच बसलो. म्हटलं, "वहिनी, जळायचो मी त्याच्यावर, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी नारळ माझ्या हातात दिला... मानायचा तो मला."

वहिनी चहाचा कप पुढे सरकवत म्हणाल्या, "मानायचे कसले, भावजी. घरी येऊन म्हणाले, अख्ख्या कॉलेजात रुसलेला एकच होता, आज निकालात काढला."