भाटघरवरचं दुसऱ्याचं विमान

माझा धंदा जुन्या यंत्रांचा. पोकलेन, जेसीबी, रोलर, डंपर. पडेल ते घ्यायचं, चालू करायचं, विकायचं. नसरापूरच्या पुढे हायवेला लागून माझं यार्ड आहे आणि भोरला घर. वेल्ह्याच्या डोंगरातून खाली उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पाना-सेट होता, तोही दुसऱ्याचा. पैसेवाल्याला विमानाचं खूळ लागलं असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. खूळ असेल तर ते माझ्या कमाईचं आहे.

विमानसुद्धा मी यंत्र म्हणूनच घेतलं. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एक उड्डाण शिकवणारी संस्था बंद पडली होती, तिचा माल निघाला होता. मी जनरेटर बघायला गेलो होतो. हँगरच्या कोपऱ्यात दोन सीटचं जुनं विमान धूळ खात उभं होतं. त्याच्या पंखावर कोणीतरी डबा ठेवून जेवलं होतं, तेलाचा गोल डाग होता. जनरेटरच्या सौद्यात मी ते ओढून घेतलं. लोक आधी शिकतात आणि मग विमान घेतात. मी आधी घेतलं, दुसऱ्या एका चालू धावपट्टीवर नेऊन ठेवलं आणि मग तिथेच शिकलो. रेडिओवरचं इंग्रजी पाठ करायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी आणखी एक यार्ड उभं केलं असतं. पण परवाना मिळवला. तिथे शिकायला येणारी पुण्याची पोरं मला मागे 'पोकलेनवाले काका' म्हणायची, ते मला माहीत होतं.

माझी बायको या सगळ्यात काही बोलली नाही. पुढेही बोलली नसती. पण एका संध्याकाळी मी ओट्यावर बसून मोबाईलवर आमचा टेम्पो कुठे आहे ते बघत होतो. गाड्यांना मी जीपीएस लावलेलं आहे. टेम्पो किकवीला उभा दिसला, म्हणून मी ड्रायव्हरला फोन करून झापलं. ती आत भाकरी थापत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली,

"टेम्पो किकवीत थांबला तर तुमाला हितं बसून कळतं. तुमी वर कुठं थांबला तर मला कसं कळंल?"

"विमान वर थांबत नसतं."

"त्येच म्हंते मी."

मी हसलो. ती हसली नाही. हात तसाच पिठाचा ठेवून उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "मला बी तुमी दिसाया पायजे. मोबाईलवर. दिसत असाल तर जावा, मी काय बोलणार न्हाई. दिसणार नसाल तर नगा जाऊ."

आयुष्यभर मी घासाघीस केली, पण इतकी सरळ अट मला कोणी घातली नव्हती. मला वाटलं, हा सौदा तर सोपा आहे. लगेच हो म्हणालो.

आता यातलं थोडं समजून घ्यावं लागेल. विमानात ट्रान्सपाँडर नावाचा एक डबा असतो. पुण्याच्या रडारने विचारलं की तो उत्तर देतो. कंट्रोलर रेडिओवर चार आकडी नंबर देतो, आपण तो डब्यावर लावायचा, मग त्यांच्या पडद्यावर आपला ठिपका आपल्या उंचीसकट उमटतो. पुण्याचं आकाश हवाई दलाच्या हातात, त्यामुळे हा डबा चालू नसेल तर जमिनीवरून चाक उचलायचं नाही. माझ्या विमानात तो होता, पण जुना. विचारलं तरच बोलणारा. दुसऱ्या जातीचा डबा न विचारता सारखा ओरडत असतो, मी अमुक, मी इथे, मी एवढ्या उंचीवर. रडार नसलं तरी ज्याच्याकडे साधा अँटेना आहे त्याला ते ऐकू येतं, आणि मोबाईलवर लोक विमानं बघतात ती त्यातूनच. उंचावरून जाणाऱ्या मोठ्या विमानांना तो लागतो. माझ्यासारखं दोन सीटचं, दिवसाउजेडी खालून जाणारं विमान त्याच्यावाचून नियमात बसतं. म्हणजे सरकारची सक्ती नव्हती. सक्ती घरची होती.

नवा डबा घेणं माझ्या स्वभावात नाही. एका दलालाकडे वापरलेला मिळाला. दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीने आपल्या विमानात नवीन बसवला होता आणि हा काढून ठेवला होता. मी उलटसुलट करून बघितला, कुठे ठोकलेला नव्हता. सौदा केला. घराच्या गच्चीवर अँटेनाही बसवून घेतला, कारण डोंगरांमुळे आमच्या भागात खालचं विमान पुण्याच्या अँटेनाला ऐकू जात नाही.

विमानाचं काम बघणारा इंजिनिअर धावपट्टीवरच असायचा. चष्मेवाला, सावकाश बोलणारा, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारा. त्याने डबा बसवला आणि म्हणाला, "तपासणीचं यंत्र बाहेरून यायचंय. ते आलं की बघू आणि मग सोडू."

मी म्हणालो, "दिवा लागतोय ना?"

"लागतोय."

"कंट्रोलरला उत्तर देतोय ना?"

"देईल की."

"मग थांबायचं कशाला? मी महिनोन्‌महिने थांबलोय, साहेब. यंत्र येईल तेव्हा येईल."

तो बराच वेळ घसा साफ करत राहिला आणि शेवटी हो म्हणाला. हे मी मुद्दाम लिहितोय. तो हो म्हणाला. माझ्या धंद्यात हो म्हटलेला माणूस गाडीच्या मागे उभा राहतो, काही झालं तर अंगावर घेतो.

त्या दिवशी सकाळी बायकोला विमानाच्या अंगावरची नोंदणीची अक्षरं कागदावर लिहून दिली. मोबाईलवर ती कशी शोधायची ते दाखवलं. सांगितलं की भाटघरच्या पाण्यावर एक वळण घेईन, मग राजगडाकडे जाईन, तोरण्याच्या अलीकडून परत फिरेन. तिचं माहेर भाटघरच्या बाजूचं. ती गच्चीवर जाऊन बसली.

विमान उचललं, रडारने नंबर दिला, मी लावला. जरा वेळाने कंट्रोलरने विचारलं की तुमची अक्षरं पुन्हा सांगा. मी सांगितली. थोडं थांबून त्याने परत विचारली. मला राग आला. माझं इंग्रजी त्याला कळत नाही असं वाटलं. मी एकेक अक्षर तोडून सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, उतरल्यावर फोन करा. उतरल्यावर काय करायचं ते उतरल्यावर बघू, असं म्हणून मी भाटघरकडे वळलो.

पाणी भरलेलं होतं. भिंतीपासून मागे डोंगरांच्या खाचांत घुसलेलं, हिरवट. मी ठरल्याप्रमाणे वळण घेतलं, जरा मोठंच घेतलं, कारण खाली भोरमध्ये आमची गच्ची कुठे दिसते का बघत होतो. दिसली नाही. पण ती मला बघतेय हे माहीत होतं. पुढे राजगडाच्या पायथ्याच्या पालीवरून गडाच्या बाजूला गेलो. बालेकिल्ल्यावर ट्रेकवाल्यांचे रंगीत ठिपके होते, त्यातल्या कोणी हात हलवला असेल. इतकं मोकळं मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटलं नाही.

उतरून मोबाईल चालू केला तर पडदा भरून तिचे फोन येऊन गेले होते. लावला. मागे वारा, पाण्याचा आवाज आणि माणसांचा गलका.

"कोन बोलतंय?" ती म्हणाली.

"कोण म्हणजे? मी."

तिने भोवतीच्यांना गप्प केल्याचं ऐकू आलं. मग, "तुमी बोलताय?"

"मग कोण बोलणार? कुठे आहेस तू?"

"धरणावर."

"तिथे काय करतेस?"

"मग ते वर कोन हुतं?"

तिकडे काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं, थोडं तिच्याकडून आणि थोडं तिला धरणावर नेणाऱ्या आमच्याच टेम्पो ड्रायव्हरकडून. तिने अक्षरं टाकली, आमचं विमान मोबाईलवर नव्हतंच. पुन्हा टाकली, नाही. धावपट्टीच्या ऑफिसला फोन लावला, तर ते म्हणाले की केव्हाच उडाले. मोबाईलवर भाटघरच्या पाण्यावर एक विमान गोल फिरत होतं, पण त्यावर भलत्याच कंपनीचं नाव होतं. तेवढ्यात डोक्यावर आवाज झाला. तिने वर बघितलं. पांढरं, लहानसं विमान. ते माझंच होतं. तिने मोबाईल बघितला, वर बघितलं आणि ठरवलं की हे दुसऱ्याचं आहे. जे माझं आहे ते खाली कुठेतरी आहे. मी पाण्यावर वळण घेणार म्हटलं होतं, म्हणून ती पाण्याकडे गेली. तिथे मासे धरणारे दोघे होते, त्यांना तिने होडी काढायला लावली. एक जण तिला म्हणाला, "वैनी, इमान पडल्यावर आवाज हुतोय, आमाला ऐकू आला असता." तर ती त्याला म्हणाली, "तुमी वल्हवा." ते बिचारे माझं विमान वर फिरत असताना मला पाण्यात शोधत होते.

झालं होतं ते असं. प्रत्येक विमानाची एक ओळख असते, नोंदणीबरोबर मिळणारी, आणि ती या डब्याच्या पोटात भरलेली असते. डबा दुसऱ्या विमानात गेला की ती बदलावी लागते. मी जुन्या टेम्पोचं इंजिन काढून दुसऱ्यात किती वेळा घातलंय. इंजिनलाही नंबर असतो, तो आरटीओत बदलून घेतो. पण इंजिन रस्त्याने जाताना मागच्या मालकाचं नाव ओरडत जात नाही. हा डबा तसा ओरडत गेला, कंट्रोलरच्या पडद्यावरही. भोरपासून तोरण्यापर्यंत मी त्या कंपनीच्या नावाने फिरून आलो.

कंट्रोलरला फोन केला, तो सभ्यपणे बोलला. लेखी खुलासा मागितला आणि दुरुस्त होईपर्यंत विमान जमिनीवर. खुलाशात इंजिनिअरने लिहिलं की मालकाच्या आग्रहामुळे तपासणी न करता सोडलं. आग्रह! मी ऑफिसात गेलो आणि त्याच्या टेबलावर हात आपटला.

"हो कोणी म्हटलं?"

त्याने घसा साफ केला. "तुमच्यापुढे नाही म्हणून बघा एकदा."

यार्डातले लोकही असंच बोलतात माझ्या मागे. पण विमान सोडल्याची सही त्याची होती. सही करायचा पगार त्याला मिळतो, मला नाही. हे मी आजही त्याच्या तोंडावर सांगेन, आणि दोनदा सांगितलंही आहे.

तपासणीचं यंत्र आलं. ओळख बदलली, तपासली, कागद झाले. मी विमान हँगरबाहेर ओढून डबा चालू केला आणि मोबाईलवर बघितलं, तर माझी अक्षरं, माझा ठिपका, धावपट्टीच्या कडेला उभा. घरी येऊन बायकोला दाखवलं.

तिने बघितलं आणि मोबाईल मला परत दिला. "बरं."

"आता उद्या जाईन म्हणतो. तू बस गच्चीवर. आता बरोबर दिसेन."

"मी न्हाई बसणार."

"का? तूच म्हणालीस दिसायला पाहिजे."

"म्हणाले हुते. तवा मला वाटलं, त्यात दिसलं म्हंजी हाय." ती तांदूळ निवडत होती, ताटातून नजर काढली नाही. "डोक्यावरनं गेला तुमी. आवाज बी ऐकला मी. आन् मी खाली पाण्यात बघत बसले."

"ते डब्याचं चुकलं होतं. आता नीट केलंय."

"केलं असंल."

"मग जाऊ का नको?"

"तुमचं तुमी बघा."

मी तिला सांगितलं की नवीन डबा घेतो, कोरा. ती म्हणाली, कशाला. म्हटलं, तुला बरोबर घेऊन जातो, शेजारच्या सीटवर बस. म्हणाली, मला घेरी येती. म्हटलं, मग विकून टाकतो विमान. म्हणाली, म्या कुठं विका म्हणलं? समोरचा काहीतरी मागत असतो म्हणून सौदा होतो. जास्त मागतो, खोटं मागतो, पण मागतो. हिने मागणंच बंद केलं होतं. मी ओसरीत येरझाऱ्या घालत राहिलो आणि ती म्हणाली, "बसा की जरा, जीव गरगरतो माजा."

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर गेलो. हवा बघितली, उड्डाणाचा आराखडा दिला, परवानगीचा नंबर मिळाला. त्या नंबराला वेळेची मर्यादा असते. विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, तेल बघितलं, चाकं बघितली, मग पुन्हा फिरलो. तिला फोन केला.

"निघतोय."

"या."

"बघणार नाहीस?"

"कुकर लावलाय." आणि तिने ठेवला.

आत बसलो, पट्टा लावला, पट्टा काढला. खाली उतरलो. इंजिनच्या झाकणाचा एक स्क्रू मला थोडा वर वाटला, म्हणून इंजिनिअरला बोलावलं. तो म्हणाला, घट्ट आहे. मी म्हणालो, वर आहे. त्याने पिळून दाखवला, जराही हलला नाही. तरी मी भांडलो. मागचं सगळं काढलं, सही काढली, आग्रह काढला. त्याने या वेळी घसा साफ केला नाही, पेचकस खिशात घातला. माझं बोलून संपलं तेव्हा परवानगीची वेळ निघून गेली होती. विमान ढकलून परत आत लावलं. हँगरचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

घरी पोचलो तर ती मागच्या दारी होती. आत येऊन तिने ताट वाढलं.

"गेला न्हाई?"

"वारा होता तिकडे. पट्टीला आडवा."

तिने आमटी वाढली, मीठ पुढे सरकवलं. मग दारातून मागच्या तारेकडे बघत म्हणाली, "हितं तर सकाळधरनं कापडं हलली न्हाईत."

"तिकडचं वेगळं असतं," मी म्हणालो. आवाज चढला माझा.

"आसंल," ती म्हणाली आणि तारेवरचे कपडे काढायला उठली.