यादीतली एक्केचाळिसावी ओळ

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवरचे अनुभव नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवून खो-खो हसणाऱ्यांपैकी मी आहे. घाटातलं वळण, पांढरी साडी, मागं वळून बघितलं तर कुणीच नाही... माझा या कशावर काडीचाही विश्वास नव्हता. त्यातून माझी नोकरी विमा कंपनीत, क्लेम तपासायच्या टेबलावर. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच फाईल उघडायची, ही बावीस वर्षांची सवय. ती घरातही जात नाही. नवरा कोथिंबिरीची जुडी घेऊन आला तरी मी पावती विचारते, असं तो सगळ्यांना सांगत असतो.

तर हा अनुभव घाटातला नाही. भर दिवसाचा आहे, आणि पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांशी माझं जे कडाक्याचं भांडण झालं त्यातला आहे.

माझे वडील, अण्णा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात गोडोलीला छोटं घर बांधून राहिले. गेल्याच्या आदल्या श्रावणात आई गेली. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर, एकटे, त्यात एकदा न्हाणीत पाय घसरून पडले. मी सांगलीत, विश्रामबागेत. सहा महिने मी त्यांच्या मागं लागले होते, तेव्हा कुठं एकदाचे तयार झाले. तेही अट घालून.

"येतो. पर सामान समदं यील. एक चमचाबी टाकायचा न्हाई. आन् मला करमलं न्हाई, तर मी माघारी येनार. मग तू आडवं पडायचं न्हाई, सुमे."

मी हो म्हटलं. घर महिनाअखेरीला भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. तोवर ते सांगलीत रुळले तर रुळले, नाहीतर पुन्हा एकटे गोडोलीला... मला तीच धास्ती होती.

सामान हलवायचं म्हटलं की आमच्या घरात आईची आठवण आल्याशिवाय राहत नाही. झाशी, पठाणकोट, जोधपूर, बेळगाव... अण्णांची बदली आली की काळ्या ट्रंका बाहेर निघायच्या. त्यावर पांढऱ्या रंगात नंबर. आई चौथी शिकलेली. पण वहीत यादी करायला बसली की तिच्यापुढं ऑफिसातला क्लार्क फिका. प्रत्येक नंबराखाली दोन रेघा ओढणार. 'ब' काढताना पोटातली रेघ हमखास बाहेर येणार. आणि भाषा पलटणीतल्या हुकमासारखी. 'ट्रंक नं. ४. कपबश्या. आपटू नये.' अण्णा म्हणायचे, सुभेदार कोण आहे या घरात तेच कळंना झालंय.

असो. साताऱ्यातलीच एक कंपनी ठरवली. नाव देत नाही, का ते पुढं कळेल. रविवारी सकाळी आठला चार माणसं आली, बरोबर दत्ता नावाचा सुपरवायझर. कामाला चोख होता. प्रत्येक खोक्यावर नंबर आणि यादीत नोंद, तीही कॅपिटल इंग्रजीत. यादीच्या तीन प्रती, मध्ये कार्बन. पांढरी मला, गुलाबी ड्रायव्हरला, पिवळी ऑफिसला. चाळीस नग झाले. मी सगळे मोजले, सही केली, आणि ऑफिसातल्या सवयीनं खालच्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारली. मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून! खोल्या फिरून बघितल्या, कुलूप लावलं. ट्रक पुढं, आमची गाडी मागं. कऱ्हाडला जेवलो आणि चारच्या सुमाराला सांगलीत पोचलो.

सामान उतरताना माझा नवरा प्रकाश यादी वाचत होता आणि मी खोक्यांवर खुणा करत होते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

"एक्केचाळीस. चटणीची बरणी. उभी ठेवणे," प्रकाश म्हणाला.

मोजताना माझा एक नग सुटला असेल म्हणून शोधली, पण बरणी नव्हती. ट्रक रिकामा झाला होता. ड्रायव्हर मारुतीमामांनी हौदा झाडून दाखवला. खुर्चीवर बसलेले अण्णा एकदम उठून उभे राहिले.

"बरनी न्हाई?"

बाहेरच्यांना वाटेल, एवढं काय चटणीच्या बरणीचं! पण ही आईनं केलेली शेवटची कांदा-लसूण चटणी होती. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात तिनं स्वतः मिरच्या निवडल्या, डंकावर समोर बसून कुटून आणल्या, आणि चटणी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरून वर हिंगाचे खडे ठेवले. ती गेल्यावर अण्णा फक्त रविवारी, भाकरीवर चिमूटभर घ्यायचे. पुरवून पुरवून खायचे.

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन घास. तिसऱ्या दिवशी त्यांची छोटी बॅग भरलेली दिसली.

"मी जातो गोडोलीला. हितं काय ऱ्हायलंय माजं?"

मग माझा पारा चढला. कंपनीला फोन लावला आणि जी सुटले ती सुटले. निष्काळजीपणा, ग्राहक मंच, ऑनलाइन रिव्ह्यू, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. मालक शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या माणसानं चाळीसच नग लिहिलेत. तुमी पाठवलेला यादीचा फोटो मी बघितला. ती खालची ओळ मराठीत हाय. आमचा दत्ता मराठीत लिहीतच न्हाई. ती तुमीच मागनं लिवलीय."

मला! क्लेम तपासणारीला! मी फोनवर अक्षरशः ओरडले, "तुमची पिवळी कॉपी काढा आणि बघा. कार्बनवर उमटलंय का नाही ते सांगा."

कागदांची खुडबुड ऐकू आली.

"मॅडम... हितं बी हाय."

त्यांनी फोटो पाठवला. खोटारडेपणाचा आळ आला होता, म्हणून हे अक्षर माझं नाही हे दाखवायला मी तो मोठा करून बघायला गेले. ४१ या आकड्याखाली दोन रेघा होत्या. 'बरणी'तल्या 'ब'च्या पोटातली रेघ बाहेर आली होती. आणि माझी ती तिरकी रेघ, चाळीसच्या खाली मारलेली मला पक्की आठवतेय, ती एक्केचाळीसच्या खालून सुरू होत होती. म्हणजे मी सही केली तेव्हा ती ओळ तिथं होती. आणि मला ती दिसली नव्हती.

मी पांढरी कॉपी अण्णांसमोर धरली. त्यांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, मग बोटानं अक्षर चाचपल्यासारखं करत पुन्हा वाचलं.

"तिचंच हाय," म्हणाले. आश्चर्य वाटल्यासारखं नाही, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं तसं. आणि मग मान खाली घालून, "सुमे, त्या मानसास्नी बोलू नगंस. मी बरनी त्यांच्याकडं दिलीच न्हाई."

"मग कुठं ठेवली होती?"

"वट्यावर. पुसून, फडकं बांदून. ती मांडीवर घेती न्हवं... मी आपली न्हेमीपरमानं तिच्यासाटी काडून ठिवली."

खरंच की. प्रत्येक बदलीला सगळं ट्रंकांत जायचं, पण बरणी कधीच नाही. ती आईच्या मांडीवर. झाशीच्या गाडीत दोन दिवस दोन रात्री, एका हातानं बरणी आणि दुसऱ्या हातानं मी. मी त्या बरणीला गाल लावून झोपायची. थंडगार लागायची आणि फडक्याला लसणाचा वास यायचा. आईच्या यादीत बरणी कधीच नसायची, कारण जे तिच्या मांडीवर असेल त्याला यादी कशाला? चाळीस वर्षांच्या सवयीनं अण्णांनी घर आवरलं आणि बरणी तिच्यासाठी बाजूला काढली. ती नाही, हे त्या घटकेला ते विसरले होते. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी नुसती त्यांच्या पायाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि प्रकाश गोडोलीला गेलो. चावी माझ्याकडेच होती, कुलूप जसंच्या तसं. ओटा रिकामा. धुळीत एक गोल डाग तेवढा दिसत होता. मी फडताळं उघडली, माळा बघितला. रिकाम्या घरात आपल्याच चपला वाजतात, ते ऐकवत नाही. तिथंच उभी असताना मालकांचा फोन आला.

"मॅडम, मारुती सोलापूरची ट्रिप करून आत्ता आला. बरणी गाडीतच हाय."

आम्ही तडक त्यांच्या गोडाऊनवर गेलो. मारुतीमामांनी बरणी दोन्ही हातांनी आणून दिली. फडकं बांधलेलं, टवकासुद्धा उडालेला नव्हता.

"आवं ताई, गोडोलीत गाडी चालू केली तवाच शेजारच्या शिटावर हुती ही. मला वाटलं, घरच्या बाईंनी जपून न्यायला दिली. रस्ता खोदलेला, खड्डं काय कमी हायती व्हय? मी आपला हात धरायला जायचो, पर जरा म्हून कलंडली न्हाई. सांगलीत उतरताना ऊन लागंल म्हून शिटामागं ठिवली आन् पार इसरलो. तुमी यादीतला नग शोधताय म्हून मी नुसता हौदाच झाडला, लय घोळ झाला बगा."

"पण सीटवर ठेवली कुणी?"

दत्ताला विचारलं. चारही माणसांना एकेक करून विचारलं, आणि उलटतपासणी कशी करायची ते मला कुणी शिकवायला नको. नाही म्हणाले. स्वयंपाकघर भरणाऱ्या माणसानं तर शपथ घेतली की ओट्यावर काहीच नव्हतं. मी मालकांची माफी मागितली. हात जोडून. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम, आमच्या आईचंबी लोनचं आसंच हुतं."

सांगलीत बरणी अण्णांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी स्वतः फडकं सोडलं. मी भाकरी थापली. अण्णांनी आधी चिमूटभर घेतली, मग थांबले, आणि चांगली चमचाभर वाढून घेतली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिखटानं असं आम्ही तिघांनीही मानून घेतलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "त्या बॅगंतली कापडं कपाटात लाव. तिनं बरनी हितं आनली, मंजी मलाबी हितंच ऱ्हायाचं आसंल."

घर भाड्यानं गेलं. चटणी दिवाळीच्या आधीच संपली, कारण त्यांनी पुरवून खाणं सोडलं. हा उन्हाळा आला तेव्हा मी नवी चटणी करताना ते स्टुलावर बसून मला सांगत होते, खोबरं किती, तीळ किती. आयुष्यभर आईला करताना बघत होते म्हणे, आम्हाला वाटायचं पेपर वाचतायत.

प्रकाश मला म्हणाला होता, तुमच्या ऑफिसात सह्या तपासून देणारा तज्ज्ञ येतो ना, त्याला यादी दे. आईच्या जुन्या वह्या आहेतच, अक्षर जुळवून बघेल. बरोबरच आहे त्याचं. दुसऱ्या कुणाची फाईल असती तर मी त्याच दिवशी पाठवली असती.

अजून पाठवलेली नाही. बरणी सीटवर कशी गेली, ती ओळ कुणी लिहिली, याचं माझ्याकडं कसलंही स्पष्टीकरण नाही, आणि शोधतही नाही. समजा तपासायला दिलं आणि 'हे अक्षर त्यांचं नाही' असं उत्तर आलं... तर ते मी अण्णांना कोणत्या तोंडानं सांगू? आणि खरं सांगायचं तर, मलाच ते ऐकायचं नाहीये.