सोळा दरवाज्यांची इमारत

माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरवरचा खेळ पाहिला तेव्हा ते म्हणाले, "या जिन्याला कठडा नाही."

मी त्या वेळी त्याच जिन्यावरून जीव मुठीत धरून पळत होते. मागे चौघं बंदुका घेऊन लागले होते. "बाबा, इथे लोक एकमेकांना गोळ्या घालताहेत," मी म्हटलं.

"ते दिसतंय. पण घाईत पळायचं असेल तर कठडा आणखीच हवा."

बाबांना निवृत्त होऊन तेव्हा चार महिने झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. इमारतीला आग लागली तर आतली माणसं बाहेर पडू शकतील की नाही, ते तपासायचं. दुकानं, कारखाने, शाळा, नाट्यगृहं, सगळं त्यांच्या भागात. ते येताना दिसले की लोक जिन्यातली खोकी घाईघाईने आत ओढायचे, मागच्या दाराचं कुलूप काढायचे आणि तोंडभर हसायचे. ते गेले की खोकी परत जिन्यात. बाबांना हे माहीत होतं, म्हणून ते कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. लोकांचा त्यांच्यावर किती जीव असेल, ते तुम्हीच ठरवा.

घरच्यांचीही यातून सुटका नव्हती. नाटकाला गेलो तरी पडदा वर जाईपर्यंत ते सगळी दारं ढकलून बघायचे. एकदा कुणाच्या तरी लग्नात त्यांनी वाटेतल्या खुर्च्यांची अख्खी रांग उचलायला लावली आणि फोटोसाठी बसलेले नवरा-नवरी उभेच राहिले. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मी मैत्रिणीला सांगितलं होतं की ते आमचे शेजारी आहेत.

तर त्या दिवशी कठड्याचं ऐकून मी वैतागले. मी गाडी चालवायला शिकवते. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि सहनशक्ती दिवसभरात शिकाऊ लोकांवरच संपते. खेळाबरोबर मॅप बांधायचं एक साधन येतं. ते उघडून मी बाबांपुढे ठेवलं आणि म्हटलं, "घ्या, तुम्हीच बांधा कठडा."

त्यानंतर मला माझाच कॉम्प्युटर मिळेनासा झाला.

ज्यांना या खेळांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅप म्हणजे ती जागा, जिच्यात दहा-बारा माणसं आपापल्या घरून एकाच वेळी येऊन खेळतात. खेळणाऱ्यांमधलेच काही हौशी लोक असे मॅप बांधतात, एकमेकांचे तपासून बघतात आणि वर्षातून एकदा त्यांची स्पर्धा भरते. पैसे-बिसे काही नाहीत. पहिले पाच मॅप वर्षभर सर्व्हरवर राहतात आणि ज्याला हवं तो तिथे जाऊन खेळू शकतो. बाबा या मंडळींत 'जुना जिना' या नावाने जाऊ लागले. त्यांचं वय कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

बांधण्याची त्यांची तऱ्हा ऑफिसातलीच. आधी कागदावर आराखडा, मग माप. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात हातात घड्याळ घेऊन ते फेऱ्या मारायचे. "इथून ओट्यापर्यंत सहा सेकंद. पळत असेल तर साडेतीन." आई निवृत्त शिक्षिका. ती पेपरातून डोकं वर न काढता म्हणायची, "एकतीस वर्षं लोकांच्या भिंती मोजल्या, आता माझ्या मोजताहेत."

स्पर्धेसाठी त्यांनी एक जुना छापखाना बांधला. मधोमध उंच दालन, त्यात छपाईची अवाढव्य यंत्रं, वर चारही बाजूंनी सज्जे, खाली कागदाची गोदामं. मी खोटं कशाला बोलू, बघून थक्क झाले. हा माणूस आयुष्यभर इमारतींमधल्या चुका शोधत होता. त्याच्या डोक्यात एवढी सुंदर इमारत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मॅप पाठवायच्या आधी बाबा आईला म्हणाले, "मी आत शिरलो की हा कधी एकदाचा जातोय असं व्हायचं लोकांना. आता माझ्या इमारतीत कुणीतरी हौसेने यावं, एवढंच वाटतं." आईने पेपर खाली ठेवला. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले.

प्रत्येक मॅपला तीन रविवार मिळतात. दुपारी चार वाजता बारा जण तो खेळून बघतात आणि शेवटी एकाच प्रश्नाला मत देतात, पुन्हा खेळाल का? तीनपैकी एका तरी रविवारी निम्म्यांनी हो म्हटलं तर मॅप स्पर्धेत राहतो. नाहीतर गेला.

पहिल्या रविवारी त्या बारा जणांत मीही होते. मी छापखान्यात शिरले, दालन ओलांडलं, सज्ज्यावर चढले, गोदामात उतरले. कुणी नाही. परत दालनात आले. कुणी नाही. लांबून कुणाच्या तरी बुटांचे आवाज यायचे आणि मी पोचेपर्यंत तो माणूस कुठल्यातरी दारातून बाहेर पडलेला असायचा. दारं किती, तर सोळा. सगळी रुंद, सगळी उघडी आणि प्रत्येकावर हिरवी चमकती पाटी, बाणासकट. सगळीकडे भरभक्कम कठडे, त्यामुळे कुणी पडूनही मरत नव्हतं. दहा मिनिटांत एकच जण मेला, तोही स्वतःच्याच हातबॉम्बने.

शेरे आले. 'इमारत सुंदर. कोणी भेटलं नाही.' 'घर घ्यायचं झालं तर इथेच घेईन.' पुन्हा खेळाल का, यावर दोन हो. त्यातला एक माझा.

बाबांनी दुसऱ्या रविवारपर्यंत राबून दालन लहान केलं, वाटा आखूड केल्या, यंत्रं हलवली. दारं मात्र सोळाच. तीन हो.

मग माझं डोकं फिरलं. "दहा दारं बंद करा," मी म्हटलं. "सगळे तेच सांगताहेत. माणसांना पळायला जागा आहे म्हणून ती पळताहेत. एवढं साधं आहे!"

"कळतंय मला."

"मग? बाबा, हा खेळ आहे. इथे मेलेला माणूस पाच सेकंदांत उठून परत पळायला लागतो!"

"कळतंय गं," ते म्हणाले. "हात होत नाही." माऊसवरचा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि त्याच्याकडेच बघत बसले.

तेव्हा मला वाटलं, यामागे काहीतरी असणार. कुठलीतरी आग, कुठलंतरी कुलूप, जे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी ते चहाचे कप विसळत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. "बाबा, तुमच्या वेळी कधी कोणी अडकलं होतं का?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय. माझ्या भागात सात मोठ्या आगी लागल्या. सगळी माणसं बाहेर आली. एकूण एक."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? काही झालं नाही, हे सांगत फिरायचं?" त्यांनी कप पालथा घातला. "त्या लोकांनाही माहीत नाही. दार उघडं होतं, ते बाहेर आले. दार उघडं का होतं, असा विचार कोण करतं?"

मला शरम वाटली. शेजारी म्हणून सांगितलेला तो दिवस आठवला आणि रडू फुटायच्या बेतात आलं. मला रडू आलं की मी भांडते, तो माझा जुना रोग. "म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही, नुसती खोड आहे!" मी ओरडले.

"हो, खोड आहे," ते शांतपणे म्हणाले.

"आणि एवढी दारं ठेवून उपयोग काय? खऱ्या आगीत तरी लोक जवळच्या दाराने पळतात का?"

"छे! जवळचं दार कुणाला दिसतच नाही. माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे पळतो. नाहीतर उजेडाकडे. म्हणून तर पाट्या लावायला लागतात, नाहीतर दार असून…" आणि ते बोलायचे थांबले. नळ चालूच होता. मी बंद केला.

ओले हात पुसतही न बसता ते खोलीत गेले. मी मागून बघत होते. त्यांनी पहिली हिरवी पाटी निवडली आणि पुसली. सोळाच्या सोळा एका झटक्यात पुसता आल्या असत्या, पण ते प्रत्येक दाराशी जाऊन, थोडं थांबून एकेक पुसत होते. मग दारांजवळचे दिवे घालवले. मधल्या दालनाच्या छताला एक लांबट काच बसवली आणि तिथून यंत्रांवर भरपूर ऊन सोडलं. एकही दार बंद केलं नाही, एकही अरुंद केलं नाही.

झाल्यावर ते त्या उन्हात उभे राहून सगळीकडे फिरून बघत राहिले. दारं उघडी होती आणि एकही दिसत नव्हतं.

"हेच केल्याबद्दल मी लोकांना कोर्टात खेचलंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "कुलूप लावावंच लागत नाही बघ. दिसलं नाही की संपलं."

दोन दिवस त्यांनी मॅप पाठवला नाही. आई म्हणाली, "अहो, सोडून द्या ना मग." तेही त्यांना जमेना. शेवटी, मुदत संपायच्या दिवशी सकाळी, मॅपबरोबर वर्णन लिहायला जी जागा असते तिथे त्यांनी दोन वाक्यं लिहिली. 'या इमारतीला सोळा दरवाजे आहेत. सगळे उघडे आहेत.' मी म्हटलं, वर्णन कुणी वाचत नसतं. "त्यांनी वाचलं नाही तरी मला लिहायला हवं," ते म्हणाले आणि मॅप पाठवला.

तिसऱ्या रविवारी चार वाजता मी आत शिरले आणि अर्ध्या मिनिटात मेले. उठले, पळाले, परत मेले. सगळेच्या सगळे त्या उन्हात जमले होते. यंत्रांच्या आडून, सज्ज्यांवरून, जिन्यांवरून नुसती झुंबड. कानात बारा जणांचा आरडाओरडा. कुणीतरी जिन्यावरून उडी मारायला गेला आणि कठड्याला अडकला, त्यावरून हशा. मी एकूण नऊदा मेले आणि मजेत मेले. बाबा माझ्या शेजारी, त्यांच्यासाठी घेतलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, नुसते बघणाऱ्यांच्या जागी, कानाला हेडफोन लावून बसले होते. त्यांच्याकडे बघायला मला फुरसतच मिळाली नाही.

अकरा हो आले. पुढे महिन्याने निकाल लागला आणि मॅप चौथा आला, पण ते नंतरचं.

असा डाव संपला की लोक मत देतात आणि चुटकीसरशी नाहीसे होतात. पडद्याच्या कडेला बारा नावांची यादी असते, ती भराभर रिकामी होते. बाबा त्या यादीकडे बघत होते. त्यांना ते नवीन नव्हतं.

पण दालनात कुणीतरी म्हणालं, "अरे, या 'जुना जिना'ने लिहिलंय की सोळा दारं आहेत. मला तर एकही दिसलं नाही."

"फेकतोय तो," दुसरा म्हणाला.

"थांब, हे बघ. या यंत्रामागे. उघडंय की!"

"इथेही एक आहे!"

आणि ते शोधायला लागले. बंदुका खाली करून, भिंतींना हात लावत, एकमेकांना हाका मारत. कुणी गोदामात, कुणी सज्ज्यावर. दार सापडलं की बाहेर डोकावायचं आणि परत आत यायचं. सव्वाचार वाजून गेले, साडेचार झाले. मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. यादीत बाराच्या बारा नावं तशीच होती.

बाबांनी हेडफोनचा एक कान बाजूला केला आणि माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, पण ते लपवायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"कोणी जात नाहीये गं," ते म्हणाले.